हजार हात, पाच मुली: प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

विहार समितीचे काका सकाळी माझ्या भरतनाट्यमच्या क्लासवर आले. बुद्धपौर्णिमेला, १२ मेला, सभागृहात चाळीस मिनिटांचा कार्यक्रम हवाय. जय भीम झालं, चहा झाला, मग त्यांनी मोबाइल काढून एक फिरता व्हिडिओ दाखवला. सोनेरी कपड्यांतली एक बाई समोर उभी, आणि तिच्या मागून मोराच्या पिसाऱ्यासारखे हात उगवत जातात. "ताई, असलं काहीतरी बसवा. बौद्धच आहे ना हे?"

खाली मजकूर होता: चीनचा हजार वर्षं जुना नाच, सगळ्या मुली बहिऱ्या.

मी हो म्हटलं, पण नक्कल करणार नाही असंही सांगितलं. पाच मुली, थोडा नाच, थोडं निवेदन. चिनी नाचात बुद्ध, बोधिसत्त्व, अप्सरा कुठून आल्या आणि रंगमंचावर त्यांचं काय झालं, एवढं मराठीत नीट सांगायचं. ही वही त्यासाठी.

पहिल्या दुरुस्त्या आजच. नाचाचं नाव 'हजार हातांची ग्वानयिन'. ग्वानयिन म्हणजे अवलोकितेश्वराचं, करुणेच्या बोधिसत्त्वाचं, चिनी रूप. नाच हजार वर्षांचा नाही. झांग जिगांग या नृत्यदिग्दर्शकाचा आहे, संगीत झांग चियान्यी यांचं. २००४च्या अथेन्स पॅरालिम्पिकच्या समारोपात जगाने तो पाहिला आणि २००५च्या चिनी नववर्षाच्या टीव्ही कार्यक्रमानंतर तो घराघरांत गेला. कलाकार २१, सगळे कर्णबधिर हे खरं. पण सगळ्या मुली नाहीत: १२ स्त्रिया, ९ पुरुष.

काकांना फोन करून सांगितलं. "पुरुष? कुठे दिसत नाहीत ते!" म्हणाले. ते दिसत नाहीत हीच तर त्यातली कमाल.

९ फेब्रुवारी, रविवार

तीन तास तो व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला.

सगळा खेळ एका रांगेचा. समोरच्या नर्तिकेच्या, म्हणजे ताय लिहुआच्या, मागे वीस जण एकामागे एक. प्रेक्षकाला एकच देह दिसतो. हात आधी एक जोडी, मग दुसरी, मग एकदम पंखा. खरी गंमत वेळेच्या फरकात आहे. सगळे हात एका क्षणी उघडले असते तर कवायत झाली असती. इथे पहिला हात निघतो आणि शेवटचा पोचतो यात श्वासभराचं अंतर आहे, म्हणून हात *उगवल्यासारखे* वाटतात.

मुद्रा मोजायला घेतल्या आणि अडकले. आमच्या मुलींना सवय अशी की हात काहीतरी सांगतो. पताक, म्हणजे सरळ तळव्याची मुद्रा, म्हटलं की पुढे अर्थ येणार. इथे एकेक हात काही सांगत नाही. बोटं कमळासारखी, नखं लांब सोनेरी, पण तळहातात वस्तू नाही. सगळे हात रिकामे.

हे महत्त्वाचं वाटतंय. मूर्ती पाहायला हव्यात.

१६ फेब्रुवारी, रविवार

मूर्तींचा हिशेब असा लागतो. हजार हात मुळात सगळे कोरावे लागत नाहीत. चीनमधल्या नेहमीच्या मांडणीत जोडलेले दोन मुख्य हात सोडून चाळीस हात, आणि प्रत्येक हात अस्तित्वाच्या पंचवीस जगांत काम करतो. ४० गुणिले २५, झाले हजार. प्रत्येक तळहातावर एक डोळा. नुसता मदतीचा हात नाही, आधी बघणारा हात.

त्या चाळीस हातांत वस्तू ठरलेल्या. महाकरुणा धारणीच्या सूत्रात (सातव्या शतकातलं चिनी भाषांतर) यादीच आहे: आजारासाठी विलो झाडाची फांदी, पोटाच्या दुखण्यासाठी भिक्षापात्र, मन थाऱ्यावर नसेल तर पाश, डोळ्यांना अंधारी असेल तर सूर्यमणी. वाचताना मला आजीच्या फडताळाची आठवण झाली, कुठल्या बरणीत कशावरचा उपाय ते तिला पाठ असायचं.

आणि काही कारागिरांनी चाळिसांवर भागवलं नाही. चुंगचिंगजवळच्या दाझूच्या डोंगरात दक्षिण सोंग काळातली (बारावं-तेरावं शतक) एक कोरीव भिंत आहे, सुमारे ८८ चौरस मीटर, तिच्यावर हातच हात. पिढ्यान् पिढ्या आकडा सांगितला जायचा १००७. २००८ ते २०१५ मध्ये तिची दुरुस्ती झाली तेव्हा पुन्हा मोजणी झाली: ८३०. आठशे तीस हात पाहून लोक शतकानुशतकं हजार मोजत होते, तर आपल्या दहा हातांचं टेन्शन कशाला घ्या, असं मुलींना सांगितलं. हसल्या.

आता कळलं झांग जिगांग यांनी काय केलं. त्यांनी वस्तू काढून घेतल्या. फांदी नाही, पात्र नाही, मणी नाही. आपण मनाने चांगले असलो तर मदतीला हजार हात येतात आणि आपणही हजार हात पुढे करतो, असा अर्थ ते स्वतः सांगतात. त्यासाठी हात रिकामेच हवेत.

२३ फेब्रुवारी, रविवार

कान्हेरी. दोघी मुली बरोबर. बोरिवलीला उतरून उद्यानाच्या दारातून बस. तीन नंबरच्या चैत्यात सेल्फीवाल्यांची गर्दी, पण आम्हाला जायचं होतं ४१ नंबरला. तिथे आम्ही तिघी आणि माकडं.

भिंतीवर अवलोकितेश्वर उभा आहे. अकरा डोक्यांचा. मुख्य चेहऱ्यावर लहान लहान चेहऱ्यांची उतरंड रचलेली, लग्नघरात मडक्यांची रचतात तशी. हात मात्र चारच. अकरा डोक्यांचा अवलोकितेश्वर चीन, जपान, तिबेटात पावलोपावली भेटतो. भारतात दगडात असा हा एकच म्हणून ओळखला जातो, आणि तो लोकलने जाता येईल इतका जवळ आहे. मी मुंबईजवळ राहून चाळिशी ओलांडल्यावर पाहिला, हे लिहून ठेवते, लाज वाटली तरी.

धाकटीने विचारलं, "ताई, हा पुरुष आहे. मग ती बाई कशी झाली?"

परतीच्या लोकलमध्ये उत्तर देत बसले. चीनमध्येही आधी पुरुषच. वायव्य चीनमधल्या दुनहुआंगच्या जुन्या चित्रांत ग्वानयिनला चक्क बारीक मिशी आहे. पण सद्धर्मपुंडरीक सूत्रात या बोधिसत्त्वाबद्दल सांगितलंय की ज्याला ज्या रूपाची गरज, त्या रूपात तो जातो. कुमारजीवाच्या चिनी भाषांतरात अशी तेहतीस रूपं मोजतात आणि त्यांत स्त्रीरूपंही आहेत. पुढे म्याओशान राजकन्येची गोष्ट पसरली. लग्न नाकारलं म्हणून बापाने तिला छळलं. बाप आजारी पडला, औषध निघालं ते असं की कधीही न रागावलेल्या माणसाचे डोळे आणि हात हवेत. तिने दिले. मग तिला हजार हात आणि हजार डोळे आले. हनान प्रांतातल्या शियांगशानच्या इ.स. ११००च्या शिलालेखात ही गोष्ट कोरलेली आहे.

डोंबिवली आलं तेव्हा समोरच्या बाकावरच्या मावशीही ऐकत होत्या. "बापाला कळलं का पण?" त्यांनी विचारलं. कळलं म्हणून सांगितलं.

५ मार्च, बुधवार

नावाबद्दल. ही नोंद निवेदनात जशीच्या तशी जाईल.

ग्वानयिन म्हणजे शब्दशः 'आवाज पाहणारी'. ग्वान पाहणं, यिन आवाज. जगात कोण विव्हळतंय ते आवाज ती पाहते. हे नाव भाषांतराच्या एका वळणावर जन्मलं: जुन्या संस्कृत पोथ्यांत 'अवलोकितस्वर' असंही रूप होतं, स्वर असलेलं. सातव्या शतकात ह्युएन त्सांगने हे चुकीचं ठरवलं, शब्द अवलोकित अधिक ईश्वर असा फोडला, आणि 'ग्वान्‌झिझाय' हे नाव चालवायचा प्रयत्न केला. हा तोच ह्युएन त्सांग, जो पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला आणि ज्याच्या वर्णनातला डोंगरातला विहार बहुतेक अभ्यासक अजिंठाच मानतात. व्याकरण त्याचं बरोबर असेल. लोकांनी ऐकलं नाही. त्यांना आवाज पाहणारीच हवी होती.

आणि २००५ मध्ये तिची भूमिका करायला उभे राहिले ते २१ जण, जे आवाज पाहतातच. रंगमंचाच्या चार कोपऱ्यांत ऐकू येणारे खुणांच्या भाषेतले शिक्षक उभे असतात आणि संगीत हातांनी दाखवतात. ताय लिहुआला दोन वर्षांची असताना तापात बहिरेपण आलं. ताल तिला पहिल्यांदा कळला तो शाळेत जमिनीतून, ढोलाच्या कंपनातून. ही जुळणी मुद्दाम केलेली असो वा नसो, मला ती झांगच्या सगळ्या प्रकाशयोजनेपेक्षा मोठी वाटते.

९ मार्च, रविवार

गच्चीवर तालीम. पाच मुली एका रांगेत, उंचीप्रमाणे. दहा हात.

भयंकर. मागच्या तिघींना पुढचं काही दिसत नाही, पाचवी कायम अर्धा ठोका उशिरा. मी टाळ्या वाजवून हैराण. त्यातच वीज गेली, स्पीकर बंद.

मी थांबा म्हणणार तोच लक्षात आलं की त्या थांबल्या नाहीत. मधलीने पुढचीच्या पाठीला कोपर टेकवलं होतं. पुढची श्वास घेते तेव्हा पाठ उचलते, तिची उचलली की हिची. संगीत होतं तेव्हा पाचही जणी पाच ठिकाणी मोजत होत्या. ते गेल्यावर एकच मोजणी उरली. वाचलं होतंच की चिनी कलाकारही मागच्याचा श्वास मानेवर घेऊन वेळ साधतात. तेव्हा ते मुलाखतीतलं गोड वाक्य वाटलं होतं.

आता रोज पंधरा मिनिटं संगीताशिवाय.

१६ मार्च, रविवार

दुसरा भाग: भिंतीवरून उतरलेला नाच. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, समितीला आवडो न आवडो.

दुनहुआंगजवळची मोगाओ लेणी. परंपरा म्हणते की पहिली गुहा इ.स. ३६६ मध्ये लेझुन नावाच्या भिक्षूने खोदली. पुढे हजार वर्षं काम चाललं. आज चित्रं-शिल्पं असलेल्या ४९२ गुहा, सुमारे ४५ हजार चौरस मीटर भित्तिचित्रं. त्यांत नाचणारे जागोजागी, कारण अमिताभाच्या सुखावती स्वर्गात संगीत अखंड चालतं. इ.स. ६४२चा लेख असलेल्या २२० नंबरच्या गुहेत लहान गोल गालिच्यांवर गिरक्या घेणाऱ्या नर्तकी आहेत, दिव्यांच्या उजेडात, दोन्ही बाजूंना वादक. मला औरंगाबादची सात नंबरची लेणी आठवते. तिथेही बुद्धाच्या गाभाऱ्यातच नर्तकी आहे आणि दोन्ही बाजूंना वादक बायका. इतक्या लांबच्या दोन जागी बुद्धासमोर नाच ठेवावासा वाटला.

सगळ्यात प्रसिद्ध ११२ नंबरची. तांग काळातली (सातवं ते दहावं शतक), मध्यभागी नर्तकी, एक पाय उचललेला, अंगठा वर वळलेला, आणि पिपा हे तंतुवाद्य मानेमागे उलटं धरून वाजवतेय. १९७९ मध्ये गान्सू प्रांताच्या मंडळींनी 'रेशीममार्गावरची पुष्पवृष्टी' हे नृत्यनाट्य केलं, 'सिलू हुआयू'. त्यात चित्रकार झांगची मुलगी यिंगन्यांग ही ती मुद्रा घेते. पहिली यिंगन्यांग केली 'हे यान्युन' या नावाच्या नर्तिकेने. त्यानंतर ती मुद्रा इतकी गाजली की आज दुनहुआंग शहराच्या चौकात तिचा पुतळा आहे.

पिपा आणणार कुठून? मोठीने भावाची बॅडमिंटन रॅकेट आणली. मानेमागे धरली, पाय उचलला, आणि धप्प. दुसरी, तिसरी, सगळ्या पडल्या. अरमंडी, म्हणजे भरतनाट्यमची गुडघे वाकवलेली अर्धी बैठक, अंगात इतकी मुरलेली की वजन दोन्ही पायांत समान वाटायला जातं. इथे कंबर एकीकडे, फासळ्या उलट, डोकं पुन्हा पहिल्या बाजूला. आपला त्रिभंगच, फक्त ओडिसीत दिसतो त्याहून जास्त तिरका ढकललेला. चिनी नर्तक त्याला 'तीन वाकणं' म्हणतात.

तासाभराने एक जण तीन सेकंद उभी राहिली. छान. पण पुढे काय?

हाच प्रश्न १९७९ साली त्यांनाही पडला असणार. भिंत फक्त थांबे देते. ही मुद्रा आहे, ती मुद्रा आहे, पण एकीतून दुसरीत जायचं कसं हे कुठल्याच भिंतीवर नाही.

१८ मार्च, मंगळवार

कालपासून डोक्यात तेच.

मधला रस्ता आला दुसरीकडून. चिनी अभिजात नृत्याची बांधणी १९५०च्या दशकापासून झाली, १९५४ला बीजिंगमध्ये नृत्यशाळा निघाली, आणि तिचं बरंचसं शरीर जुन्या ऑपेरातून घेतलेलं. त्यातला एक नियम मुलींना करून दाखवला: डावीकडे जायचं तर आधी उजवीकडे जा, वर जायचं तर आधी खाली. हालचाल गोल, सरळ रेषेत कधीच नाही. मग मी त्यांना मुद्रा एक, मुद्रा दोन, आणि मध्ये हा नियम लावायला सांगितला. जमलं! तीच रॅकेट, पण आता ती खांद्यावरून वळसा घेऊन मानेमागे गेली.

पुढे गान्सूच्या कला विद्यालयातल्या गाओ जिनरोंग यांनी लेणी फिरून, मुद्रा टिपून त्यांचा अभ्यासक्रमच बांधला: हात, पाय, नजर, श्वास. आज ज्याला 'दुनहुआंग नृत्य' म्हणतात ते या शिक्षिकेच्या वर्गातून बाहेर पडलेलं आहे. म्हणजे थांबे तांग काळातले, चाल विसाव्या शतकातली. आपण भरतनाट्यमवाल्यांनी नाक मुरडायचं काही कारण नाही, आपल्या आजच्या कचेरीचा, म्हणजे कार्यक्रमातल्या क्रमाचा, साचाही फार जुना नाही आणि देवळातल्या मूर्ती बघून आपणही कमी गोष्टी भरलेल्या नाहीत.

निवेदनाच्या पहिल्या मसुद्यात मीच लिहून बसले होते, 'हजार वर्षांची अखंड परंपरा'. खोडलं.

३० मार्च, रविवार

पाडवा. तालीम नाही. शिंपीकाकांकडून सोनेरी कापडाचा भाव आला: पाच जणींचं मिळून माझ्या अंदाजाच्या दुप्पट. दोघींना पूर्ण पोशाख, मागच्या तिघींना फक्त बाह्या. तशाही दिसणार आहेत त्यांच्या बाह्याच.

६ एप्रिल, रविवार

पट्ट्यांचा दिवस. कल्याणच्या बाजारातून सॅटिनच्या पाच-पाच मीटरच्या पट्ट्या आणल्या, टोकाला बांबूची वीतभर काडी.

चिनी अप्सरेला, फेइतियानला, पंख नसतात. आपल्या अजिंठ्यातल्यांनाही नाहीत. सतरा नंबरच्या लेणीतल्या अप्सरा दुमडलेल्या पायांवरून आणि मागे उडणाऱ्या दागिन्यांवरून उडताना कळतात. दुनहुआंगच्या सुरुवातीच्या अप्सरा अंगाने जाडसर, कमरेत इंग्रजी यूसारख्या वाकलेल्या. तांग काळापर्यंत त्या लांबसडक झाल्या आणि उडण्याचं सगळं काम पट्टीकडे गेलं. दाय आयलियान यांनी १९५४ साली 'फेइतियान' बसवलं ते याच पट्टीवर, दोघींचा नाच. बाई जन्माने त्रिनिदादच्या, शिकल्या इंग्लंडमध्ये.

पट्टी मनगटाने आठचा आकडा काढत फिरवायची. आपण केलेली हालचाल तिच्या टोकाला पोचायला वेळ लागतो, आणि मध्येच थांबलं की पट्टी गळून पायात येते. म्हणजे नर्तिका मुद्रेत थांबली तरी पट्टीला थांबू द्यायचं नाही. भिंतीवरच्या थांब्यांतून सुटायची हीसुद्धा एक युक्ती.

धाकटीची पट्टी पंख्यात गेली. नशिबाने पंखा एकवर होता. पट्टीचा निम्मा भाग अजून पात्यावर गुंडाळलेला आहे, स्टूलवर चढून हात पुरत नाही.

संध्याकाळी मेइ लानफांग. पीकिंग ऑपेरातला स्त्रीभूमिका करणारा सगळ्यात मोठा नट. १९१७ला त्याने 'देवकन्येची पुष्पवृष्टी' केलं, लांब पट्ट्या फिरवत. गोष्ट विमलकीर्ती सूत्रातली. विमलकीर्ती नावाच्या ज्ञानी, आजारी गृहस्थाच्या घरी सभा भरलीय, एक देवकन्या फुलं उधळते. बोधिसत्त्वांच्या अंगावरून फुलं घरंगळून जातात, पण श्रावकांना, म्हणजे बुद्धाच्या शिष्यांना, चिकटून बसतात. त्यांतला सारिपुत्त झटकायला लागतो. ती म्हणते, फुलांना काही भेद नाही, भेद तुझ्या मनात आहे. तो चिडून विचारतो, एवढी ज्ञानी आहेस तर बाईचं शरीर बदलत का नाहीस? ती त्याचंच बाईत रूपांतर करून टाकते, आणि मग विचारते, आता तू बदल!

ऑपेरात सगळा भर उधळण्यावर आहे. पण बाईच्या वेषातला पुरुष ती देवकन्या करतोय, हे डोक्यात ठेवून पाहिलं तर सूत्रातली ती थट्टा आपोआप रंगमंचावर येते. या भागाला मुली सगळ्यात जास्त हसल्या. ठेवायचाच.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. सकाळपासून मिरवणुकीची तयारी, क्लासला सुट्टी. दुपारी काका भेटले, निळा फेटा, घामाघूम. मनात साठवून ठेवलेलं बोलले.

"ताई, एक विचारू? हे अवलोकितेश्वर म्हणजे देवच झाला की. हजार हात, नवसाला पावणारा. आमच्या लोकांना वाटायचं, बाबासाहेबांनी देव सोडायला सांगितले आणि ह्यांनी चीनमधून आणला."

याला टाळायचं उत्तर माझ्याकडे होतं, कला वेगळी आणि धर्म वेगळा. दिलं नाही. खरं ते सांगितलं: चीनमध्ये कोट्यवधी माणसं ग्वानयिनला हात जोडतात, नवसही करतात, मुलासाठी, बाळंतपणासाठी. ते खोटं ठरवणं आपलं काम नाही. पण रंगमंचावरच्या या नाचात पूजा करणारं कुणी नाही, प्रसाद नाही, आणि हातांतल्या सगळ्या औषधी वस्तूही काढलेल्या आहेत. समोर दिसतो तो एक देह, आणि तो एकटा नाही, एकवीस माणसं आहेत, हे शेवटी रांग फुटते तेव्हा कळतं.

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "रांग फुटते ते आपल्याकडेही करा. ते नक्की करा."

निवेदनात 'देवी' हा शब्द कुठेही येणार नाही. 'बोधिसत्त्व' एवढंच.

२० एप्रिल, रविवार

तैवानच्या लिन ह्वाय-मिन यांचं 'भटक्यांची गाणी' (१९९४) घ्यावं की नाही, यावर दिवस घालवला. बोधगयेहून परतल्यावर केलेलं काम. त्यात ना मुद्रा, ना कमळ, ना सोनं. भिक्षूच्या वेषातला एक जण नाचभर हात जोडून निश्चल उभा, त्याच्या डोक्यावर वरून तांदळाची अखंड धार. रंगमंचावर साडेतीन टन तांदूळ. शेवटी एक माणूस फावड्याने तो तांदूळ गोल गोल ओढत राहतो, कितीतरी मिनिटं.

मला स्वतःला बौद्ध प्रतिमा म्हणून हेच सगळ्यात जवळचं. सोनेरी हात डोळ्यांत भरतात, ते तांदूळ कानात राहतात. पण आमच्या चाळीस मिनिटांत बसत नाही, आणि सभागृहात तांदूळ ओतला तर लोक माझ्यावर रागावतील, बरोबरच रागावतील. एक मिनिट नुसतं सांगणार.

हनान टीव्हीचा २०२१चा 'लोंगमेन वज्रपाल' मात्र वगळला. लोंगमेनच्या लेण्यांतले द्वारपाल पुरुष नर्तकांनी ताकदीने केलेत, पण कॅमेरा आणि संगणकाच्या करामतीशिवाय त्यातलं फार थोडं आमच्या हाती लागेल.

४ मे, रविवार

रंगीत तालीम. तळहातावर डोळे काढायचे ठरलं. आपण नाचाला आळत्याचा लाल गोळा काढतोच, त्यालाच वर-खाली पापणीची रेघ दिली की डोळा. सुंदर दिसला! पाच मिनिटांत घामाने ओघळला आणि पहिल्या मुलीच्या सोनेरी बाहीवर पाच लाल बोटं उमटली. शिंपीकाकांनी लिंबू लावून पाहिलं. डाग गेला नाही, फिकट झाला. आता स्केचपेन.

१२ मे, सोमवार

झालं.

सभागृह भरलेलं, मागे लोक उभे. त्रिशरण-पंचशील झालं, मग आम्ही. पुष्पवृष्टीला हशा. रॅकेट आम्ही पुठ्ठा लावून पिपा केली होती, पण एका पोराने ओळखली आणि मोठ्याने सांगितली.

शेवटी रांग. ध्वनीवाल्या दादांनी संगीत स्वतःच्या मोबाइलवरून लावलेलं. दुसऱ्या मिनिटाला त्यांना फोन आला. स्पीकरमधून रिंगटोन, मग कुणाचं तरी "हॅलो, ऐकू येतंय का?", मग शांतता. मी विंगेत डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा हात चालू होते. पाठीला कोपर, श्वास, पाठ, श्वास. दहा तळहात, दहा डोळे, एकामागून एक. सभागृहात पंख्यांचा आवाज फक्त. ठरल्या जागी रांग फुटली, पाच जणी पाच बाजूंना गेल्या आणि उभ्या राहिल्या. संगीत लागलं ते त्यानंतर. दादांनी घाईने बंद केलं.

१३ मे, मंगळवार

हिशेब: कापड, शिलाई, पट्ट्या, स्केचपेन दोन (एक संपलं, कार्यक्रमानंतर लहान पोरांनी तळहातावर डोळे काढून घ्यायला रांग लावली, रात्री साडेदहापर्यंत). समितीने दिलेल्या रकमेत बसलं, वर एकशे चाळीस रुपये उरले, त्याचं मुलींना कलिंगड.

रॅकेट परत केली, पुठ्ठ्याचा डिंक निघत नाहीये. बाहीवरचा डाग राहू दे म्हणाल्या मुली.

पंख्यावरची पट्टी अजून तशीच. उंच शिडी आणायची.